गावातलं घर घेताना: आधी मोजणी, मग विसार

गावाकडे घर घेऊ पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या सात प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत. उत्तरं महाराष्ट्रातल्या महसूल आणि भूमि अभिलेख पद्धतीप्रमाणे आहेत.

प्रश्न : वाई तालुक्यातल्या एका गावात घर आणि भोवतालची जागा बघितली आहे. जागा बिनशेती आहे, सातबाऱ्यावर ८ आर क्षेत्र आहे. मालक म्हणतात, "आठ गुंठे आहे, चारी बाजूंना बांध आहेत, मोजणीची गरजच नाही." पण मोबाईलवरच्या नकाशात गटाची एक रेषा सरळ घराच्या पडवीतून जाताना दिसते. मोजणी करावी का? अर्ज आम्ही करायचा की त्यांनी?

उत्तर : मोजणी कराच, आणि विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देण्याआधी करा. बांधावरून वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष ताबा आणि वापर, कळते, हद्द कळत नाही. दोन पिढ्यांत नांगराच्या फाळाने बांध वीतभर इकडे, वीतभर तिकडे सरकतो. मधे कुणी तार ओढतं, कुणी गोठा वाढवतं. शेजाऱ्यांचं जमतं तोवर कुणी काही बोलत नाही. नवा माणूस घर घेऊन कुंपणाचा पाया खणायला लागला की मग सगळे टेप घेऊन हजर होतात.

पहिला घोळ एककाचा. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावरचे ८ आर म्हणजे ७.९ गुंठे. फरक साधारण १०० चौरस फुटांचा, एका छोट्या खोलीएवढा. भाव गुंठ्यावर ठरला असेल तर हिशेब चौरस मीटरवर आणून लिहा.

मोबाईलवरच्या नकाशाने घाबरू नका आणि त्याच्यावर विसंबूही नका. जुन्या कागदी गावनकाशांवरून तो संगणकावर उतरवलेला आहे. १:५,००० प्रमाणाच्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर भरते. तुमची जागा चौकोनी धरली तर एक बाजू साधारण २८ मीटरची. तिथे रेघ अडीच मीटर सरकली की ७० चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठ्याच्या जवळपास, इकडचं तिकडे होतं. तुमच्या पडवीतली रेघ कदाचित अशीच आली असेल, कदाचित पडवी खरोखर शेजारच्या गटात असेल. सरकारी मोजणीशिवाय हे ठरत नाही. खासगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने मोजून घेतलं तर अंदाज येतो, पण हद्द कायम करण्याचं काम भूमि अभिलेख खात्याचंच.

अर्ज मालकाने करायचा. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याला मोजणी मागता येत नाही. फी तुम्ही भरायची असं ठरवायला हरकत नाही. तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे "हद्द कायम" मोजणीचा अर्ज जातो आणि ई-मोजणीतून ऑनलाइनही भरता येतो. २०२४ च्या अखेरीस जुने चार प्रकार जाऊन नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिले. तेव्हा ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये फी ठरली. अर्जाला ताजा सातबारा आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते लागतात.

मोजणी नंतर बिघडते ती या नावांच्या यादीमुळेच. शेजारच्या गटावरचा खातेदार वारलेला असतो, वारसनोंद झालेली नसते, आणि नोटीस मयताच्या नावाने निघते. वर्षभराने मुलगा येऊन म्हणतो, "आम्हाला नोटीसच नव्हती." म्हणून लगतच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा, गावात विचारून हयात वारसांची नावं-पत्ते अर्जात लिहा आणि नोटीस बजावल्याची नोंद बघा.

मोजणीच्या दिवशी हद्दीचे दगड, चुना, पहार आणि दोन मजूर तयार ठेवा. कोपऱ्यांवरची झुडपं आदल्या दिवशी तोडून ठेवा. भूकरमापक, म्हणजे खात्याचे मोजणी करणारे कर्मचारी, हल्ली रोव्हर घेऊन येतात आणि उपग्रहाच्या मदतीने बिंदू घेतात. ते आधी आजूबाजूच्या जुन्या, पक्क्या खुणा पकडतात. मग प्रत्यक्ष वहिवाट मोजतात आणि ती मूळ अभिलेखाशी ताडून हद्दीच्या खुणा दाखवतात. खुणा दाखवल्या की तिथल्या तिथे दगड पुरा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. लगतधारकांच्या सह्या जबाबावर घेतल्या जात आहेत ना, तेही बघा.

शेवटी हातात पडते ती "क" प्रत. तिच्यावर अभिलेखातली हद्द आणि वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. खालची सूची वाचल्याशिवाय नकाशा वाचू नका. अतिक्रमण असेल तर ते कुणाचं, कुठल्या गटात, किती क्षेत्राचं, हे तिथे येतं. मात्र मोजणीने अतिक्रमण हटत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयच आहे. पडवी शेजाऱ्याच्या गटात निघाली तर तेवढी जागा मालकाने शेजाऱ्याकडून आधी सोडवून घ्यावी, नाहीतर तुम्ही व्यवहार सोडावा.

आणखी एक गोष्ट नीट बघा. सातबाऱ्यावर मालकाच्या नावापुढे ८ आर लिहिलेलं आहे म्हणजे त्या ८ आराचा वेगळा नकाशा आहे असं नाही. ५० आराच्या गटात पाच जणांची नावं असतील आणि पोटहिस्सा, म्हणजे गटाची आतली विभागणी, पडला नसेल, तर हद्द कायम मोजणी सबंध गटाची बाहेरची रेघ दाखवेल. आतले तुमचे ८ आर कुठे, हे कागदावर कुठेच नसेल. तशा वेळी आधी सगळ्या सहधारकांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी आणि वेगळा सातबारा, मगच खरेदी.

खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना "पूर्वेस अमुक यांची जागा" एवढ्यावर थांबू नका. गट नंबर आणि प्रत्येक बाजूची लांबी मीटरमध्ये लिहा, आणि "क" प्रत दस्ताला जोडा. माणसं बदलतात, गट नंबर सहसा बदलत नाही.

प्रश्न : मोजणी झाली, पण शेजाऱ्याला ती मान्य नाही. तो सह्या करत नाही. मोजणी रद्द होते का?

उत्तर : नाही. सही नाकारली तर तशी नोंद होते आणि मोजणी पुरी होते. त्याला हरकत असेल तर त्याने निमताना मोजणी मागावी. ही फेरमोजणी पहिल्या भूकरमापकाच्या वरचा अधिकारी करतो. तीही मान्य नसेल तर जिल्हा पातळीवर सुपर निमताना असते. तुम्ही विकत घेणारे आहात, म्हणून आमचा सल्ला असा : हरकत लेखी आली असेल तर निमतान्याचा निकाल लागेपर्यंत पैसे अडकवू नका. हरकत नुसती तोंडी असेल तर शेजाऱ्याशी जाऊन बोला. पुष्कळदा भांडण हद्दीचं नसतं, सांडपाणी कुणाच्या बाजूला उतरतं याचं असतं.

प्रश्न : गावठाणातलं जुनं घर घेतोय. सातबारा नाहीच म्हणतात, फक्त ग्रामपंचायतीचा "आठ अ" आहे. जुन्या खरेदीखतात "पाच खणी घर, परसासह" एवढंच लिहिलंय. मोजायचं कशावरून?

उत्तर : गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ते बरोबर. पण तुमच्या हातातला कागद बहुधा "आठ अ" नाही. आठ-अ हा तलाठ्याकडचा शेतजमिनीचा खाते उतारा. ग्रामपंचायतीचा असतो तो नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. दोन्हींना गावात "आठ अ" म्हणायची सवय आहे आणि त्यात फसगत होते. नमुना ८ वरून घरपट्टी कुणाकडून घ्यायची ते कळतं, मालकी सिद्ध होत नाही.

तुम्हाला हवी आहे ती मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून घराघराची मिळकत पत्रिका बनवण्याचं काम झालं आहे. देशपातळीवर योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, आणि त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत महाराष्ट्राने हा प्रयोग केला होता. तुमच्या गावची पत्रिका तयार असेल तर उतारा आणि नकाशा दोन्ही काढा आणि टेप घेऊन जागेवर ताडा. ड्रोन उडण्याआधी चुन्याने हद्दी आखल्या गेल्या त्या गावातल्यांनी दाखवल्याप्रमाणे. ज्याचा मालक त्या दिवशी मुंबईत होता, त्याचं परस शेजाऱ्याच्या रेघेत गेलेलं असू शकतं. शिवाय वरून दिसतं छप्पर. भिंत पाख्याच्या हात-दोन हात आत असते. म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि पागोळीपासून पागोळीपर्यंत, म्हणजे छपराच्या कडेपासून कडेपर्यंत, अशी दोन मापं घ्या.

"पाच खणी" या शब्दांवरून क्षेत्र काढू नका. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. ते सुताराला मिळालेल्या लाकडाप्रमाणे ठरलेलं, घराघरात वेगळं. परस तर जुन्या दस्तांत बहुधा मापाशिवायच येतं. नव्या खरेदीखतात घर, अंगण आणि परस यांची तीन वेगळी मापं लिहा. शेजारघराशी सामाईक भिंत असेल तर ती सामाईक आहे हे स्पष्ट लिहा, आणि तिच्यावर मजला चढवायचा हक्क कुणाला, तेही.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात जांभ्याचं कौलारू घर मिळतंय, साठेक वर्षांचं, चार वर्षं बंद. दिसायला सुंदर आहे. आतून सडलं आहे की नाही हे कसं ओळखायचं? तपासायला कुणाला न्यावं?

उत्तर : दोन माणसं न्या. एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, जो फोटोंसह लेखी अहवाल देईल. दुसरा त्याच भागातला, कौलारू छपरं केलेला सुतार. नुसता इंजिनिअर नेला तर बरेचदा "पाडून स्लॅब टाका" असा अहवाल येतो. चांगलं जांभ्याचं घर पाडण्याचा सल्ला आम्ही कधीच देणार नाही.

जमलं तर जुलैत, पाऊस लागलेला असताना घर बघा. मालक दिवाळीनंतरच दाखवत असेल तर भर दुपारी जा, दारं-खिडक्या लावून माळ्यावर चढा आणि वर बघा. फुटक्या कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपक्याच्या खाली रीप (कौलांखालची आडवी पट्टी) आणि वासा (तिच्याखालचं उतरतं लाकूड) हाताने चाचपा. कौल बदलणं स्वस्त आहे. त्या कौलाने चार पावसाळे खाली काय भिजवलं, ते महाग पडतं.

लाकूड मधे सहसा सडत नाही, टोकाला सडतं. वासा जिथे भिंतीवर टेकतो आणि तुळई जिथे भिंतीत शिरते, तिथे पेचकसाचं टोक दाबा. चांगलं सागवान, किंजळ किंवा फणस असेल तर टोक वरच्यावर अडतं. बोटाच्या पेराएवढं सहज आत गेलं तर ते लाकूड बदलायचं. हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐका, पोकळ आवाज वाळवीचा. भिंतीवरून वर चढलेली मातीची बारीक नळी दिसली तर मोडून आत बघा. नळी रिकामी असली तरी वाळवी वर कुठपर्यंत पोचली होती, ते शोधल्याशिवाय खाली उतरू नका. आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, खचलंय का हे बघायला अंगणात लांब उभं राहून छपराच्या माथ्याची रेघ बघा. मधे झोळ दिसला तर खालचा खांब दबलाय किंवा आढ्याचा जोड सुटलाय. रीपा माडाच्या किंवा पोफळीच्या असतील तर साठ वर्षांनी त्या सगळ्याच बदलाव्या लागतील असं धरून चाला.

भिंतींत ओल कुठपर्यंत चढली आहे, ती रेघ पेन्सिलीने आखा. जमिनीपासून हात-दीड हातापर्यंत असेल आणि जोतं (घराचा चौथरा) बुटकं असेल, तर बाहेरची माती वर्षानुवर्षं साचून जोत्याला टेकली आहे का ते बघा. ती माती काढून पन्हळ नीट केली की अर्धी ओल जाते. पण कुणी जांभ्यावर बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा केला असेल तर काळजी घ्या. ओल आत कोंडते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. तिथे गिलावा काढून चुन्याचं काम करावं लागेल, तो खर्च भावातून वजा करून मागा.

भेग दिसली तर तिच्यावर आडवी, काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहून ठेवा. दोन महिन्यांत काच तडकली तर पाया अजून हलतो आहे.

विहीर मे महिन्यात बघा आणि दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा.

घराइतकंच घरामागच्या डोंगराकडे बघा. महाडजवळचं तळिये २०२१ मध्ये आणि खालापूरची इरशाळवाडी २०२३ मध्ये, दोन्ही जुलैच्या पावसात गाडली गेली. उतारावर अर्धगोल भेगा, बुंध्याशी वाकून वर सरळ झालेली झाडं, अचानक फुटलेले झरे, पावसात अचानक गढूळ होणारी विहीर, यांतलं काही दिसलं तर भूवैज्ञानिकाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. परसात उतार खोदून सपाटी केली असेल तर त्या कापाची उंची मोजा. कापापासून घर त्या उंचीइतकंही लांब नसेल, तर ते घर घेऊ नये असंच आमचं मत आहे.

प्रश्न : औसा तालुक्यात दगडी भिंतींचं, माळवदाचं (मातीच्या सपाट छपराचं) घर आहे. १९९३ च्या भूकंपात पडलं नाही म्हणून मालक त्याला मजबूत म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : तेवढ्यावरून ठरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या मातीखाली. बऱ्याच घरांत आतला लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती सुटून कोसळल्या. अशी भिंत वरून एक दिसते, पण असतात दोन : आतला थर, बाहेरचा थर, मधे गोटे आणि माती. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नसले की धक्क्याने थर एकमेकांपासून सुटतात. तुमच्या घरात १९९३ साली हे अर्धवट सुरू झालेलं असू शकतं.

तपासायची रीत अशी. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि वर, मधे, खाली दोरीपासून अंतर मोजा. मधे अंतर कमी भरलं तर भिंतीला पोट सुटलंय. मालकाच्या परवानगीने एके ठिकाणी चौरस फूटभर गिलावा काढा आणि आरपार दगड शोधा. ते उंचीत दर ६० सेंटीमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त दर १.२ मीटरला एक असावेत. नसतील तर भिंतीला भोकं पाडून सळई आणि काँक्रीटचे सांधे घालता येतात, किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत तेच केलं होतं.

मग माळवदावर चढा आणि मातीची जाडी मोजा. दर वर्षी गळती लागली की वर नवी माती टाकायची रीत असल्याने ती वाढतच जाते. ३० सेंटीमीटर मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे अर्धा टन. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर ते सहा टन होतं, आणि ओली झाली की आणखी. जादा माती उतरवायचा खर्च फार नाही. तो राहायला जाण्याआधी करा.

प्रश्न : घर शेतात आहे, रस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून येतो. "वर्षानुवर्षांची वाट आहे" म्हणतात. पुरेसं आहे का?

उत्तर : गावनकाशा काढून बघा. एक तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. वाट नकाशात असेल तर निश्चिंत. नसेल तर वीस वर्षांच्या अखंड, उघड वापराने वहिवाटीचा हक्क मिळू शकतो, पण तो कोर्टात शाबीत करावा लागतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात तो शेतात जायला. घर विकत घेताना त्याच्या भरवशावर राहू नये. शेजारी आज राजी असेल तर आजच त्याच्याकडून रुंदी आणि नकाशासह रस्त्याच्या हक्काचा दस्त नोंदवून घ्या. त्याचा मोबदला द्यावा लागला तरी द्या.

प्रश्न : एजंट दोन गुंठे शेतजमीन आणि त्यावरचं घर देतोय. "खरेदीखत होत नाही, पण नोटरी करून देतो आणि ग्रामपंचायतीत नाव लावून देतो" म्हणतो. आम्ही शेतकरी नाही.

उत्तर : घेऊ नका. नोटरीने मालकी येत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. खरेदीखत का होत नाही, हे एजंटने तुम्हाला सांगितलेलं नाही. दोन कारणं असणार. शेतकरी नसलेल्याला कुळ कायद्यामुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे ही किमान मर्यादा आहे, त्याखालचा तुकडा पाडून विकता येत नाही. पुढे काही भागांसाठी सवलती आल्या आहेत. तुमच्या गटाला त्यांतली एखादी लागू आहे असं एजंट म्हणाला, तर तहसील कार्यालयाकडून लेखी आणायला सांगा. जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर बिनशेतीचा मार्ग जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मधून निघू शकतो, पण ते काम मालकाने त्याच्या नावाने, त्याच्या खर्चाने, तुमच्याकडून एक रुपयाही न घेता आधी पुरं करावं.